नाखव्याच्या ओट्यावर मेंदूचा फोटो

दर्शनाने प्लास्टिकच्या पिशवीतून फोटो काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. फोटोला लॅमिनेशन केलेलं होतं. मासळीची टोपली तिने बाहेर पायरीवर ठेवली होती, तरी लॅमिनेशनला सुकटाचा वास येत होता.

“ताई, हा लाल डाग कशाचा?”

“का? काय झालं?”

“नाखवा म्हणतो, ही दारूची जागा. अजून भरलेली आहे म्हणतो. ह्यांना या सीझनला बोटीवर घेणार नाही.”

हे म्हणजे तिचा नवरा, हरेश्वर. डहाणूजवळच्या आगर गावचा खलाशी. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते. फोटो त्याच्या मेंदूचा होता, आणि तो त्याला भेट म्हणून आम्हीच दिला होता.

पुढचं कळण्यासाठी आधी माझं काम सांगते. मी एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे. एमआरआय म्हणजे मोठ्या चुंबकाचं मशीन. माणसाला एका बोगद्यात झोपवायचं आणि शरीराच्या आतली चित्रं काढायची. एक्स-रे नाही, त्यामुळे किरणांचा प्रश्न नाही. आवाज मात्र फार. मी उधव्याची. वडील चिकूच्या वाडीत कामाला, आई भातलावणीला जायची. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ‘सायन्सच घे’ म्हणून तलासरीचे एक सर माझ्या मागे लागले नसते आणि मुंबईत कोर्स करताना मावशीने दोन खोल्यांच्या घरात मला जागा दिली नसती, तर मी या मशीनपर्यंत पोचले नसते. हे मी जमेल तिथे सांगते.

मुंबईच्या एका संस्थेचा हा संशोधन प्रोजेक्ट. दारू पिणाऱ्या आणि दारू सोडलेल्या माणसांचा मेंदू एखाद्या गोष्टीची ओढ कशी दाखवतो आणि निर्णय कसा घेतो, हे बघायचं होतं. डहाणूत आमची एक भाड्याची खोली होती. तिथे माणसांशी बोलायचं, सगळं समजावून त्यांची संमती घ्यायची. हायवेवरच्या एका हॉस्पिटलचं मशीन आम्हाला रविवारी मिळायचं. स्कॅनिंग तिथे.

मेंदूत काही जागा अशा आहेत, की आवडीचं काहीतरी मिळणार असं वाटलं की त्या जाग्या होतात. शेजारी बोंबील तळायला घेतले की तुमचं लक्ष वाचनातून उडतं ना, तेच. त्याला आम्ही रिवॉर्ड म्हणतो. जागा जागी झाली की तिथे ताजं रक्त जास्त येतं. मशीनला विचार दिसत नाही. रक्तातला हा बारीकसा फरक दिसतो. तो फरक कॉम्प्युटर रंगाने दाखवतो. फोटोतला लाल डाग म्हणजे एवढंच.

बोगद्यात झोपलेल्या माणसाला आम्ही छोट्या पडद्यावर चित्रं दाखवतो. सुरुवातीला मुंबईहून आलेली चित्रं परदेशी होती. उंच ग्लास, बर्फ, लिंबाची चकती. पहिल्याच माणसाने बाहेर येऊन विचारलं, “ते सरबत कुणासाठी होतं?” मग आम्ही इथली चित्रं काढली. ताडीचं मडकं, वर आलेला फेस, प्लास्टिकचा ग्लास, दमणची बाटली. शिवाय निवडीचे प्रश्न असायचे. आज दोन किलो तांदूळ घ्याल, की महिन्याने पाच किलो? दारूची सवय असलेला माणूस हातातलं थोडं धरतो आणि लांबचं जास्त सोडतो, असं पुस्तकात म्हटलेलं आहे. दर्शना हरेश्वरबरोबर आली होती तेव्हा हा प्रश्न ऐकून म्हणाली, “आजचं म्हावरं उद्या अर्ध्या भावानं जातं. मिळतंय ते आज घ्यायचं. ह्यात दारूचा काय संबंध?” आमच्या मॅडमनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून प्रत्येकाचा धंदा काय, घरचा धंदा काय, तेही विचारायला सुरुवात केली.

स्कॅन झाला की माणसाला त्याच्या मेंदूचा एक फोटो आठवण म्हणून द्यायचा, ही अशा प्रोजेक्टमधली जुनी पद्धत आहे. शहरात कॉलेजची मुलं तो मोबाइलवर लावतात, हसतात, विसरतात. आगरमध्ये कुणी विसरलं नाही.

दर्शनाने सांगितलं ते असं. हरेश्वर आणि भास्कर, दोघेही जयवंत नाखव्याच्या बोटीवरचे खलाशी. नाखवा म्हणजे बोटीचा मालक. दोघेही पिणारे होते, दोघांनीही सोडली असं सांगितलं होतं, आणि दोघेही आमच्याकडे येऊन गेले होते. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. त्यानंतर बोटी समुद्रात जातात. कोणाला बोटीवर घ्यायचं ते नाखवा त्याआधी ठरवतो. भास्कर आपला फोटो घेऊन नाखव्याच्या ओट्यावर गेला. त्याचा फोटो काळा-पांढरा. रंगाचा ठिपका नाही. तो म्हणाला, “बघा नाखवा, माझा क्लीन आहे. मोठ्या मशीनने सांगितलं.” मग नाखव्याने हरेश्वरचा फोटो मागवून घेतला. त्यात लाल आणि पिवळं.

“भास्कर परवा कुठे पडला होता ते सगळ्या आगरला माहीत आहे,” दर्शना म्हणाली. “पण त्याचा फोटो पांढरा. आमचा रंगीत. ताई, ह्यांनी महालक्ष्मीच्या पायरीवर हात ठेवून सोडली. एक घोट घेतलेला नाही. मी बायको आहे, मला वास कळत नाही होय?”

“मग नाखव्याला सांगा की.”

“तो म्हणतो, देवीच्या शपथा सगळे खलाशी दरवर्षी घेतात. सायन्स खोटं बोलत नाही.”

सायन्स खोटं बोलत नाही, हे वाक्य शाळेतल्या भाषणात मीही म्हटलेलं होतं.

मी मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणजे आमच्या प्रोजेक्टच्या प्रमुख डॉक्टर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“एक लक्षात ठेव, वनिता. कुणाच्याही स्कॅनमध्ये काय आहे यावर एक शब्द बोलायचा नाही. त्याने स्वतः परवानगी दिली तरी नाही.”

“गोपनीयता म्हणून ना?”

“ती आहेच. पण बोलण्यासारखं त्यात काही नाहीच. एका माणसाच्या चित्रावरून तो पुढे पिणार की नाही, हे मला सांगता येत नाही. तुला येतं का?”

“नाही.”

“मग तेच जाऊन सांग. फोटो म्हणजे काय, तेवढं सांग. आणि आधी हरेश्वरला विचार, तू आलेली त्याला चालेल का.”

हरेश्वरला फोन केला. तो कमी बोलणारा माणूस. स्कॅनच्या दिवशीही त्याने करदोडा, ताईत, सगळं काढून न बोलता माझ्या हातात दिलं होतं. मशीनच्या आवाजाने घाबरणार नाही ना विचारलं, तर म्हणाला, “इंजिनच्या डोक्यावर झोपतो मी.” आता फोनवर एवढंच म्हणाला, “या. लपवायचं काय आहे? सगळ्यांनी बघितला फोटो.”

दर्शना निघण्याआधी मला एक शंका आली. आमच्या पद्धतीत सगळ्यांना सारखाच फोटो द्यायचा असतो. मग एक रंगीत आणि एक काळा-पांढरा कसा? फोटो छापायचं काम अनिकेत करतो, आमचा डेटा सांभाळणारा मुलगा. त्याला विचारलं.

“त्या आठवड्यात कलरची शाई संपली होती ना, ताई. काही लोकांना ब्लॅक अँड व्हाइटच दिले.”

मी फोन ठेवून हसले. ऐकून दर्शनाही हसली. म्हणजे क्लीन आणि भरलेलं यात फरक फक्त शाईचा होता. मला वाटलं, झालं. जायचं, सांगायचं, चहा प्यायचा आणि यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आगरला गेले. पावसाने उघडीप दिली होती. बोटी वर ओढून ठेवलेल्या, कुणी भेगा बुजवत होतं, कुणी रंग लावत होतं. जयवंत नाखव्याचं घर किनाऱ्याला लागून. ओट्यावर जाळ्याचा ढीग आणि त्याच्या एका टोकाला हरेश्वर, सुई घेऊन फाटलेलं जाळं भरत बसलेला. काम मिळणार नव्हतं तरी जाळं भरायला आला होता. दुसऱ्या टोकाला भास्कर, हात रिकामे. दर्शना माझ्याबरोबर होती. ती पायरीवर बसली.

नाखवा साठीच्या पुढचे. बनियन, चट्ट्यापट्ट्यांची लुंगी, चष्मा दोरीला अडकवलेला. समोर टेबलावर एका टॉवेलवर टीव्हीसारखा छोटा डबा, त्याच्या वायरी आणि एक बॅटरी.

“ये गो पोरी. तूच ती डोक्याचे फोटो काढणारी?”

“हो. मी वनिता.”

“कुठली?”

“उधव्याची.”

“उधव्याची? डोंगराकडची पोर आणि आमच्या खलाशांची डोकी उघडते!” ते हसले. “बस. चहा येतोय. आता सांग, ह्या हरेश्वरचं काय?”

“हरेश्वरदादांबद्दल मी काही सांगू शकत नाही, नाखवा. कुणाबद्दलच नाही. तो नियम आहे. मी फक्त फोटो म्हणजे काय ते सांगायला आलेय.”

“तेच सांग.”

“एक रंगीत आणि एक काळा-पांढरा, यात माणसाचा काही फरक नाही. आमच्याकडची रंगीत शाई संपली होती. म्हणून काही फोटो काळे-पांढरे निघाले.”

मी थांबले. दर्शनाने आशेने नाखव्याकडे बघितलं. नाखव्याने भास्करचा फोटो उचलला, चष्मा लावला, उजेडाकडे धरला. बराच वेळ बघितला.

“म्हणजे शाई असती तर ह्याच्याही डोक्यात लाल दिसलं असतं.”

“तसं नाही...”

“तसंच की. आता नीट बघितलं तर दिसतंय. हा बघ, इथे करडा डाग आहे. भास्कर, तूही भरलेला आहेस रे!”

“नाखवा!” भास्कर उठून उभा राहिला. “ताई, हे काय? मी तुमच्या मशीनमध्ये अर्धा तास मेल्यासारखा पडलो, ते ह्याच्यासाठी?”

“एकाला वाचवायला गेली, दोघांना घालवलं,” दर्शना पुटपुटली. मला ऐकू येईल एवढ्या आवाजात.

मी खरी गोष्ट सांगितली होती आणि तिच्यामुळे काम बिघडलं होतं. सकाळपर्यंत एका माणसाचं पोट अडचणीत होतं. आता दोघांचं.

“नाखवा, तुम्हाला ह्यांना बोटीवर घ्यायचंच नाही का?” मी जरा चिडून विचारलं.

नाखवा चिडले नाहीत. चष्मा उतरवला.

“गेल्या सीझनला जाळं ओढताना ह्या हरेश्वरचा हात सुटला. प्यायलेला होता. दोरात दुसऱ्याची दोन बोटं गेली. तो पोरगा आता रिक्षा चालवतो. बोट माझी आहे, पोरी. उद्या कुणी पाण्यात गेला तर त्याच्या आईला मी काय दाखवू? हा फोटो?”

हरेश्वरची सुई थांबली. मग पुन्हा चालू झाली.

मला त्या माणसाचा राग येईना. मला मशीनचा फोटो हवा असतो, कारण मला आतलं बघायचं असतं. त्यांनाही तेच हवं होतं. त्यांना खात्री पाहिजे होती आणि आमच्या फोटोवर ती छापलेली आहे असं त्यांना वाटत होतं.

चहा आला. कप ठेवायला त्यांनी टेबलावरचा डबा सरकवला. मी विचारलं, “हे काय?”

“फिश फाइंडर. पावसात घरी आणून ठेवतो. पाण्याखाली म्हावरं कुठे आहे ते दाखवतो. थांब, दाखवतो तुला.”

मालकाला आपलं यंत्र दाखवायला आवडतंच. त्यांनी बॅटरी जोडली. पडदा निळा झाला आणि डावीकडे सरकू लागला. त्यात पिवळे, लाल ठिपके.

“घरात बसून म्हावरं?”

“डेमो आहे गो. शिकवायला असतो.” ते खूश होते. “हे लाल दिसलं की समजायचं, खाली दाट आहे.”

“लाल म्हणजे म्हावरं?”

“लाल म्हणजे काहीतरी आहे. म्हावरं असेल. जेलीफिश असेल. कधी गाळ.”

“मग कळतं कसं?”

“जाळं टाकल्यावर.”

“आणि हे बटण?”

“हा गेन. चढवला की बारीकसारीक पण दिसतं.” त्यांनी बटण दाबत नेलं. पडद्यावर पिवळं वाढलं, मग लाल वाढलं, शेवटी सगळा समुद्र लाल झाला. “नवीन तांडेल असतो ना, पहिल्यांदाच बोट हाकणारा, तो गेन चढवून ठेवतो आणि ओरडतो, म्हावरं आलं, म्हावरं आलं. आणि हा उतरवला...” पडदा पुन्हा निळा. एक ठिपका नाही. “म्हावरं गेलं होय? खाली आहेच.”

मी कप खाली ठेवला.

“नाखवा, आमच्या फोटोलाही हे बटण आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“किती फरक पडला की रंग भरायचा, ते आम्ही ठरवतो. तुमच्या गेनसारखं. बटण चढवलं तर माझं, तुमचं, कुणाचंही डोकं लाल करून देते. उतरवलं तर रोज पिणाऱ्याचंही कोरं. आणि लाल आलं तरी ते कशाचं, हे एका फोटोवरून कळत नाही. आम्ही पुष्कळ माणसांचे फोटो एकत्र करतो, त्यांची सरासरी काढतो, तेव्हा कुठे थोडंसं बोलता येतं. तेही सगळ्यांबद्दल मिळून. एकाबद्दल नाही.”

“मग एकाचा फोटो देता कशाला?”

“आठवण म्हणून.”

“कसली आठवण? डोकं काय घरी विसरून आलेला असतो माणूस?”

भास्कर हसला. मलाही हसू आलं.

नाखव्याने दोन्ही फोटो एकावर एक ठेवले आणि फिश फाइंडर बंद केला.

“बरं. गेन समजला. मग पोरी, तुझं मशीन मला सांगू शकत नाही की हा पाण्यावर गेल्यावर पिणार की नाही.”

“नाही सांगू शकत.”

“डॉक्टरीणबाई सांगतील?”

“त्याही नाही. त्यांनीच सांगितलंय, हे तुम्हाला स्पष्ट सांग म्हणून.”

“मग मी काय करू?”

हा प्रश्न त्यांनी मला विचारला नव्हता. ते समुद्राकडे बघत होते. मला जे येत होतं ते सांगून संपलं होतं.

तेवढ्यात हरेश्वरने सुई जाळ्यात खोचली.

“नाखवा, फोटोत लाल आहे ते असूदे,” तो म्हणाला. “खोटं नाही ते.”

“अहो!” दर्शना पायरीवरून उठली.

“थांब. त्या मशीनमध्ये ह्यांनी ताडीचं चित्र दाखवलं. फेस आलेला. मला घशात चव आली. बाहेर येऊन पण होती. सकाळी ह्या रस्त्याने येतो ना, ताडीवाला सायकल घेऊन जातो. वास येतो. पाय थांबतात माझे.” तो एका दमात एवढं बोलला आणि थांबला. मग म्हणाला, “थांबतात. मग मी चालायला लागतो. आज पण थांबलो. आणि आलो.”

खाली कुणीतरी बोटीवर हातोडी मारत होतं.

“भास्कर,” नाखवा म्हणाले, “तुझं काय रे? तुला येतो वास?”

“मला?” भास्करने छाती पुढे काढली. “मला इच्छाच होत नाही, नाखवा. मडक्यात बुडवून ठेवलं तरी नाही होणार.”

“हं.” नाखव्याने दोघांकडे बघितलं. “ज्याला खडक कुठे आहे ते माहीत आहे, त्याच्या हातात सुकाणू देता येतं. तू तर म्हणतो समुद्रात खडकच नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे तू आधी इथे जाळं भर. पौर्णिमेपर्यंत रोज सकाळी ये. बघू. आणि हरेश्वर...”

“हां.”

“तू येशील. पण निघायच्या आधी तांडेलच्या तोंडासमोर उभा राहायचं. रोज. फुंक मारायची. पाय थांबले असतील तर सांगायचं. प्यायला असशील तर तेही सांगायचं, त्या दिवशी घरी जायचं, बोंब नाही. लपवलं तर पुन्हा ह्या ओट्यावर चढायचं नाही.”

“सांगेन.”

“आणि दोरावर नाही. बर्फावर, म्हावरं भरायला. दोर नंतर.”

हरेश्वरने मान हलवली. दर्शना पुन्हा पायरीवर बसली आणि पदराने तोंड पुसलं. मग लगेच म्हणाली, “नाखवा, बर्फावर हिस्सा कमी मिळतो.”

“बाजारात बस तू, इथे भाव करू नको!” नाखवा म्हणाले. पण ते हसत होते.

परत येताना मी रिक्षात बसून हरेश्वरच्या ‘थांबतात, मग मी चालायला लागतो’ याच वाक्याचा विचार करत होते. आम्ही इतकी माणसं त्या बोगद्यात झोपवली. पडद्यावर चित्र आलं की मेंदूत ओढ उठते का, हे शोधत होतो. ओढ उठली की माणूस पुढे काय करतो, हे त्या चित्रात येत नाही, कारण बोगद्यात त्याला काही करताच येत नाही. हलायचंसुद्धा नाही, असं मीच सांगते. हरेश्वरचे पाय थांबतात आणि मग चालायला लागतात. त्यातलं थांबणं आमच्या मशीनला कदाचित सापडेल. चालायला लागणं बाहेरच्या रस्त्यावर होतं.

हे मी मॅडमना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी “पुन्हा सांग” म्हणून दोनदा ऐकलं. आता आम्ही स्कॅन झाल्यावर प्रत्येकाला एक जादा प्रश्न विचारतो: “ओढ लागली तेव्हा तुम्ही काय केलं?” उत्तरं फार वेगवेगळी येतात. एक जण म्हणाला, बायकोला फोन करतो. एक जण म्हणाला, शेळ्या मोजतो. एक जण म्हणाला, पितो. तेही लिहून घेतो.

सीझन सुरू झाला. दर्शना बाजारातून जाताना कधीकधी खोलीवर डोकावते, त्यामुळे बातमी कळते. हरेश्वर बोटीवर आहे. मध्ये एकदा गावच्या लग्नात तो प्यायला. दुसऱ्या दिवशी पहाटे तांडेलपुढे जाऊन उभा राहिला आणि फुंक मारायच्या आधीच सांगितलं. तांडेलने त्याला घरी पाठवलं. पुढच्या खेपेला नेलं. दर्शनाने त्या दिवशी त्याच्याशी अबोला धरला, पण मला सांगताना म्हणाली, “आधीचे असते तर सांगितलं नसतं, ताई. आधीचे असते तर गेलेच असते बोटीवर.” सध्या तो दोरावर आहे. उद्याचं मला माहीत नाही. मी मशीन चालवते, भविष्य बघत नाही.

भास्करने पौर्णिमेपर्यंत जाळं भरलं. एका सकाळी तोही नाखव्यासमोर येऊन म्हणाला म्हणे, “येतो वास. फार येतो.” तो आता आमच्याच मॅडमनी सांगितलेल्या डॉक्टरांकडे औषध घेतो आणि बर्फावर काम करतो. हे सगळं लिहिल्यावर मी दर्शना, हरेश्वर आणि भास्कर, तिघांनाही वाचून दाखवलं. नावं बदललेली आहेत. भास्करची एकच तक्रार होती की त्याचं नाव जरा बरं ठेवायला हवं होतं.

आणि फोटो? मॅडमनी ती पद्धत बंद केली. आठवण म्हणून काहीतरी द्यायला हवं, तर काय द्यावं यावर मुंबईत बरीच चर्चा झाली. पेन, डायरी, पाण्याची बाटली. बाटली नको, असं मीच म्हटलं. शेवटी आम्ही आता टॉवेल देतो. पांढरा, साधा. अजून तरी त्याचा कुणी अर्थ लावलेला नाही.